भुरा म्हणजे एक की आठ?

बंद पडलेला चार्जर, जुना रेडिओ किंवा मुलांचं मोडकं खेळणं कधी उघडून पाहिलं आहे का? आतल्या पाटीवर तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे तुकडे बसवलेले असतात. दोन्ही टोकांना तारेच्या मिशा. कुणाचं अंग बदामी, कुणाचं फिकट निळं, आणि त्यावर चार-पाच रंगीत पट्टे. यांना रेझिस्टर म्हणतात. पट्टे शोभेचे वाटतात, पण तो रंगांत लिहिलेला आकडा असतो. हा तुकडा विजेला किती अडवणार ते त्यात सांगितलेलं असतं. एवढ्याशा गोल अंगावर आकडे छापले तर ते वाचायला भिंग लागेल, आणि तुकडा फिरवून बसवला तर आकडा खाली दडून जाईल. पट्टा मात्र गोल फिरलेला असतो, कुठूनही दिसतो. म्हणून रेडिओच्या जमान्यात ही रंगांची लिपी निघाली आणि ती आजतागायत चालू आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. सायन्सचा तास माझा नाही. पण मागच्या वर्षी ही लिपी मला मुळापासून समजून घ्यावी लागली, ती माझ्या भाचीमुळे.

धाकट्या बहिणीची ही मुलगी. उर्दू शाळेतून चांगल्या मार्कांनी दहावी झाली आणि आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या ट्रेडला लागली. दोन वर्षांचा कोर्स. बॅचमध्ये मुली मोजक्या, आणि उर्दू शाळेतून आलेली ती एकटी. दीड महिना गेला आणि तिने घरी सांगून टाकलं, मी उद्यापासून जाणार नाही. कारण विचारलं तर बोलेना. तिचे अब्बा यंत्रमागावर काम करतात, शांत माणूस. ते म्हणाले, जबरदस्ती नको, शिलाईचा क्लास तर आहेच. बहीण संध्याकाळी माझ्याकडे आली. "आपा, तूच बोल तिच्याशी. एकदा नाव कमी केलं तर परत कोण घेणार?"

शिलाईत कमीपणा आहे असं मला म्हणायचं नाही. आमच्या अम्मीने मशीन चालवूनच आम्हाला शिकवलं. पण आवडीने घेतलेली गोष्ट सोडून शिलाईकडे वळणं वेगळं आणि शिलाईच्या आवडीने जाणं वेगळं. मी भाचीला बोलावून घेतलं.

"खाला, मेरे से नै होता," एवढंच म्हणून ती गप्प. चहा झाला, मगरिबची नमाज झाली, मग हळूहळू निघालं. प्रॅक्टिकलला प्रत्येकाच्या हातात एक रेझिस्टर देऊन किंमत विचारली होती. हिने तो उजव्या बाजूने वाचायला सुरुवात केली. मागून कुणीतरी म्हणालं, "उर्दूवाली आहे, उलटंच वाचणार." सगळे हसले. शिकवणारेही हसले.

तिला टोचलं ते हेच. वर्गातल्या हसण्याला मी काही करू शकत नव्हते. पण त्या वाक्यात एक ठोक चूक होती, आणि ती भाषेची होती, म्हणजे माझ्या हद्दीतली. मी तिला वही काढायला लावली आणि सांगितलं, उर्दूत लिही : माझ्याकडे ४७० रुपये आहेत. तिने लिहिलं. म्हटलं, आता बघ, तुझा हात कसा चालला. वाक्य उजवीकडून डावीकडे गेलं. आकडा आला तेव्हा हाताने उडी मारली, चार डावीकडे, मग सात, मग शून्य, आणि आकडा संपल्यावर हात पुन्हा डाव्या बाजूला येऊन वाक्य पुढे सुरू. उर्दूत शब्द उजवीकडून चालतो, आकडा डावीकडून. पहिलीपासून आपली मुलं एका ओळीत दोनदा दिशा बदलतात आणि त्यांना ते कळतही नाही. मराठी शाळेतल्या मुलाला हे कधी करावंच लागत नाही. मग उलटं वाचणारी तू कशी? रेझिस्टर हा शब्द नाही, आकडा आहे. तो आकड्यासारखा वाच.

ती पहिल्यांदा हसली. मग पिशवीतून एक डबी काढली. त्यात दहा-बारा रेझिस्टर होते. नाव कमी करायचं म्हणणारी मुलगी ते सोबत घेऊन आली होती.

आता रेझिस्टरची डावी बाजू कोणती, हा प्रश्न उरतोच, कारण तुकडा दोन्हीकडून सारखाच. खूण अशी की बहुतेक साध्या रेझिस्टरवर एका टोकाला सोनेरी किंवा चंदेरी पट्टा असतो. सोनेरी-चंदेरी पहिल्या जागी कधीच येत नाही. तो पट्टा उजव्या हाताला धरायचा आणि डावीकडून वाचायचं. पहिले दोन पट्टे म्हणजे दोन अंक. तिसरा पट्टा सांगतो की पुढे किती शून्यं लावायची. चौथा, म्हणजे सोनेरी किंवा चंदेरी, सांगतो की माल किती खरा आहे.

रंगांचे अंक असे : काळा शून्य, तपकिरी एक, तांबडा दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ.

हे पाठ करायला एक इंग्रजी वाक्य सर्रास शिकवतात. ग्रेट ब्रिटनच्या कुणा बी. बी. रॉयची बायको फार चांगली होती, अशा अर्थाचं. त्यातल्या शब्दांची पहिली अक्षरं म्हणजे रंगांची पहिली अक्षरं. ज्याचं इंग्रजी पक्कं आहे त्याला ते सोपं जातं. पण इंग्रजीत ब्लॅक, ब्राउन आणि ब्लू तिन्ही बीवरून, ग्रीन आणि ग्रे दोन्ही जीवरून. दहांपैकी पाच रंगांत गोंधळाला जागा. शिवाय ते बी. बी. रॉय कोण आणि त्यांच्या बायकोशी आपल्या पोरींना काय करायचंय, हे मला अजून समजलेलं नाही.

मी ती यादी मराठीत लिहून भिंतीला टेकवली आणि बघत बसले. दोन ते सात हे अंक वाचताना एकदम ओळखीचा ठेका लागला. ता, ना, पि, हि, नि, जा. मराठी शाळेत इंद्रधनुष्याचे रंग आपण काय म्हणून पाठ करतो? तानापिहिनिपाजा. मधला पारवा तेवढा उचलून बाजूला ठेवा, बाकीचे सहा जसेच्या तसे, त्याच क्रमाने, दोनपासून सातपर्यंत. म्हणजे ही लिपी कुणी मनाला येईल तशी केलेली नाही. मधे इंद्रधनुष्य ठेवलंय. त्याच्या आधी अंधाराकडचे दोन रंग, काळा आणि तपकिरी. त्याच्यानंतर उजेडाकडचे दोन, राखाडी आणि पांढरा. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते नऊ. तपकिरी आणि तांबडा दोन्ही तवरून येतात, तेवढी एक अडचण राहते. त्यावर भाचीनेच तोड काढली. आमच्या अब्बांना, म्हणजे तिच्या नानांना, तपकीर ओढायची सवय होती. नाना एका वेळी एकच चिमूट घ्यायचे. तपकिरी एक.

इथे एक खरा खड्डा होता, आणि त्यात ती आधीच एकदा पडली होती. उर्दूत या रंगाला आपण भूरा म्हणतो. प्रॅक्टिकलला तिची जोडीदारीण मराठी शाळेतली. हिने पट्टे बघून तोंडी सांगितलं : भुरा, काळा, लाल. तिच्या मनात एक, शून्य, दोन शून्यं, म्हणजे १,००० ओहम. पण मराठीत भुरा म्हटलं की डोळ्यांपुढे भुरकट, राखेकडे झुकणारा रंग येतो. जोडीदारणीने आठ, शून्य, दोन शून्यं असं करून ८,००० लिहिलं. दोघींचं उत्तर चुकलं, दोघी एकमेकींवर रुसल्या. कुणीच चुकीचं बोललं नव्हतं. एकच शब्द दोन भाषांत दोन रंगांवर बसला होता, आणि एक आणि आठ यांत जमीन-अस्मानाचा फरक.

म्हणून आम्ही तीन रकान्यांचा तक्ता केला. पहिल्या रकान्यात अंक, दुसऱ्यात मराठी नाव, तिसऱ्यात उर्दू. काळा-काला, तपकिरी-भूरा, तांबडा-लाल, नारिंगी-नारंगी, पिवळा-पीला, हिरवा-हरा, निळा-नीला, जांभळा-जामुनी, राखाडी-सुरमई, पांढरा-सफेद. दहांपैकी सहा नावं बहिणी-बहिणी आहेत. जांभूळ आणि जामुन तर एकाच झाडाचं फळ. वेगळी चार, आणि त्यांतली दोन नेमकी तीच, एक आणि आठ. वर्गात भुरा हा शब्द उच्चारायचाच नाही, असं तिने ठरवून टाकलं.

मग आम्ही डबीतले सगळे वाचून काढले. पिवळा, जांभळा, तपकिरी, सोनेरी : चार, सात, एक शून्य. ४७० ओहम. तपकिरी, काळा, नारिंगी : एक, शून्य, तीन शून्यं. १०,००० ओहम, दुकानात त्याला दहा के म्हणतात, के म्हणजे हजार. सोनेरी शेवटी आला तर अर्थ असा की खरी किंमत लिहिलेल्यापेक्षा पाच टक्के कमी किंवा जास्त असू शकते. ४७० चा रेझिस्टर मोजला तर साडेचारशेच्या जरा खालीही भरेल किंवा ४९३ पर्यंतही जाईल, आणि तो खोटा ठरणार नाही. चंदेरी असला तर दहा टक्के. मला हा चौथा पट्टा फार आवडला. वस्तू स्वतःच्या अंगावर लिहून सांगते की मी किती इकडे-तिकडे असू शकते. बाजारात किती मालावर हे लिहिलेलं असतं?

भाचीला एक गोष्ट खटकत होती. ४७० कशाला, सरळ ५०० का नाही करत? दुकानदाराकडे ५०० मागितला तर तो ४७० देतो नाही तर ५६०. याचं उत्तर त्याच चौथ्या पट्ट्यात आहे. दहा टक्क्यांच्या मालाची मापं ठरलेली असतात : १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२, आणि पुढे शंभरापासून पुन्हा तीच. प्रत्येक माप आधीच्यापेक्षा साधारण एकपंचमांशाने मोठं. ४७ वाला दहा टक्क्यांनी वाढून ५१.७ पर्यंत जाऊ शकतो. ५६ वाला घटून ५०.४ पर्यंत येऊ शकतो. म्हणजे मधली जागा दोघांनी भरून काढलेली आहे, तिथे ५० चं वेगळं माप ठेवून फायदा नाही. बांगड्यांचं असंच असतं ना, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. मनगट काही मापात जन्माला येत नाही, पण कासाराकडे या तीन मापांत बहुतेक सगळ्या बायका बसतात. या यादीत ८० कुठेच नाही. म्हणजे जोडीदारणीने लिहिलेला ८,००० चा रेझिस्टर साध्या दुकानात मिळालाच नसता. ही यादी पाठ असली की चुकीचं वाचन आपोआप पकडलं जातं.

एवढं झालं तरी वाचता येणं म्हणजे समजणं नाही, हे कुठल्याही भाषेच्या शिक्षिकेला सांगायला नको. हा अडवतो म्हणजे करतो काय?

तिच्या डोक्यात या एका गोष्टीचे तीन शब्द एकमेकांत गुंतले होते. दहावीच्या उर्दू पुस्तकात मुजाहमत. मराठीत रोध. आयटीआयमध्ये रेझिस्टन्स. मुजाहमत हा शब्द आपल्याला उर्दू अखबारातून माहीत असतो, तिथे तो लढ्याचा शब्द आहे. रोध ऐकला की विरोध आठवतो. दोन्हींमुळे वाटतं की ही काहीतरी भांडणाची, नुकसानीची गोष्ट असणार, आणि चांगल्या सर्किटमध्ये ती नसलेलीच बरी. मी तिला ईदगाहची आठवण दिली. ईदची नमाज आणि खुतबा संपला की गर्दी दरवाजाकडे निघते. मागून रेटा किती आहे हा झाला व्होल्टेज. दरवाजातून मिनिटाला किती माणसं बाहेर पडतात हा झाला करंट. आणि दरवाजा किती अरुंद आहे हा झाला रोध. रेटा तोच ठेवून दरवाजा निम्मा केला तर माणसं निम्मी बाहेर पडतील. एकामागे एक दोन अरुंद दरवाजे पार करायचे असतील तर अडचण दुप्पट : ४७० आणि ४७० मिळून ९४०. तेच दोन दरवाजे शेजारी-शेजारी उघडले तर अडचण निम्मी : २३५. आणि दरवाजा गर्दीच्या पुढच्या टोकाला आहे की वाटेत मधेच, याने बाहेर पडणाऱ्यांच्या संख्येत फरक पडत नाही. तसंच रेझिस्टर दिव्याच्या आधी लावा की नंतर, सगळ्या फेरीत करंट एकच वाहतो. आधी लावला तरच दिवा वाचतो, असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही.

रेटा भागिले रोध बरोबर करंट, हा हिशेब मांडणारा माणूस शाळामास्तर होता, हे मला ठाऊक होतं, पण त्याचं बाकीचं आयुष्य मी तेव्हा वाचलं. गेऑर्ग सिमोन ओहम, जन्म १७८९, जर्मनीतलं एर्लांगेन गाव. वडील कुलपं बनवणारे कारागीर. त्यांनी स्वतः पुस्तकं वाचून गणित शिकून घेतलं आणि मुलांना घरी शिकवलं. ओहम कोलोनच्या एका शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवायचा आणि शाळेच्याच उपकरणांवर प्रयोग करायचा. त्या काळच्या बॅटरीचा जोर सारखा बदलायचा, म्हणून त्याने तांबं आणि बिस्मथ या दोन धातूंची जोडणी करून एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. दोन सांध्यांच्या तापमानातला फरक स्थिर, म्हणून मिळणारी वीजही स्थिर. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून मोजमाप केलं. १८२७ मध्ये पुस्तक काढलं. मायदेशातल्या विद्वानांनी फारशी किंमत दिली नाही. त्याने कोलोनची नोकरी सोडली आणि पुढची कित्येक वर्षं ओढाताणीत काढली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्याला कॉप्ले पदक दिलं, तेव्हा त्याच्याच देशाला तो दिसू लागला. म्युनिकला पूर्ण प्राध्यापकाची जागा मिळाली १८५२ मध्ये, आणि १८५४ मध्ये तो गेला. हे मी बहिणीच्या घरी जेवताना सांगत होते. भाचीचे अब्बा ऐकत होते. "कुलूपवाल्याचा मुलगा," एवढंच ते म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले. शिलाईच्या क्लासचा विषय त्या रात्री निघाला नाही.

भाची आयटीआयला जात राहिली. रमजान जवळ आला तेव्हा तिने खिडकीसाठी एलईडीची माळ स्वतः करायचं ठरवलं. तयार माळ बाजारात स्वस्त मिळते, पण ते तिला नको होतं. जुन्या राउटरचा बारा व्होल्टचा अडॅप्टर घरात पडून होता. हिशेब तिने कागदावर मांडला. लाल एलईडी साधारण दोन व्होल्ट घेतो. तीन एकामागे एक जोडले तर सहा. बारातून सहा गेले, उरले सहा. ते सहा व्होल्ट रेझिस्टरने अंगावर घ्यायचे. ४७० लावला तर करंट तेरा मिलिअँपिअरच्या आसपास, छोट्या एलईडीला पुरेसा आणि सोसेल इतका. अशा तीन-तीनच्या चार ओळी शेजारी-शेजारी. एक ओळ गेली तरी बाकीच्या तीन चालू राहणार.

पहिली ओळ लावली आणि एक झगझगीत चमक येऊन तिन्ही एलईडी मेले. रेझिस्टर बोट भाजेल इतका तापला. तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, आधी रेझिस्टर वाच, तोही गॅलरीत उजेडात नेऊन. पिवळा, जांभळा आणि तिसरा पट्टा काळा. रात्री ट्यूबलाइटखाली तिला तो तपकिरी वाटला होता. चार, सात आणि शून्य शून्यं, म्हणजे ४७० नाही, ४७. सहा व्होल्टला करंट तेराऐवजी सव्वाशेच्या वर गेला. काळा आणि तपकिरी हे सगळ्यांत जवळचे शेजारी, आणि तिसऱ्या जागी त्यांच्यातला फरक दहा पटींचा. तांबडा आणि नारिंगी यांचंही कमी उजेडात असंच होतं. निळसर अंगाच्या रेझिस्टरवर तर आणखीच. ज्यांना जन्मतः लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, आणि पुरुषांत असे बरेच असतात, त्यांनी पट्ट्यांवर विसंबूच नये. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. रेझिस्टर सर्किटमधून सोडवून मोजायचा, आणि दोन्ही मिशा बोटांनी धरून मोजायचा नाही, नाही तर आपल्या अंगाचा रोधही शेजारी जोडला जातो आणि मोठ्या किमती कमी दाखवतात.

निळसर अंगाच्या रेझिस्टरचं आणखी एक प्रकरण आहे. त्यावर बहुधा पाच पट्टे असतात : तीन अंक, चौथा शून्यांचा, पाचवा टक्केवारीचा, आणि तो बहुधा तपकिरी, म्हणजे एक टक्का. इथे सोनेरीची खूण नाही. तपकिरी, काळा, काळा, तपकिरी, तपकिरी असा एक तुकडा घ्या. या बाजूने १०० आणि एक शून्य, १,००० ओहम. उलट बाजूने ११० आणि शून्य शून्यं, ११० ओहम. दोन्ही उत्तरं दिसायला चोख. शेवटच्या पट्ट्याआधी थोडी जास्त फट सोडलेली असते म्हणतात, पण ती भिंगातूनही दिसेल याची खात्री नाही. म्हणजे उलटं वाचणं कुणाच्याही हातून होऊ शकतं, कुठल्याही शाळेतून आलेला असो. हे उदाहरण भाचीने प्रॅक्टिकलला मुद्दाम शिकवणाऱ्यांपुढे ठेवलं. त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचलं, मल्टिमीटर मागवला, आणि दुसऱ्या दिवशी तोच तुकडा सगळ्या बॅचला वाचायला दिला. हे तिने मला फोनवर सांगितलं. मागून हसणारा कोणत्या बाजूने वाचत होता, ते मी विचारलं नाही. तिने सांगितलंच.

माळ पुन्हा केली. तिला लाल ओळींच्या जागी हिरव्या हव्या होत्या. त्याच ४७० वर हिरवे लावले तर मंद लागले. हल्लीचे झगझगीत हिरवे एलईडी दोनऐवजी साधारण तीन व्होल्ट घेतात. तिघांचे नऊ झाले, उरले फक्त तीन व्होल्ट, आणि ४७० मधून करंट निम्म्यावर आला. इथे रोध कमी करायला हवा होता. तिने यादी बघितली आणि २२० काढला. तांबडा, तांबडा, तपकिरी. तीन भागिले २२०, पुन्हा तेरा-चौदा मिलिअँपिअर. पहिल्या रोज्याच्या आधी खिडकीत बारा हिरवे दिवे लागले. तिच्या अब्बांनी कारखान्यातून आल्यावर ते बंद-चालू करून पाहिले आणि विचारलं, यात तू काय केलंस आणि दुकानातलं काय आहे? ती त्यांना पाटी उलटी करून सोल्डरचे सांधे दाखवत बसली. इशाची अजान झाली तरी दोघं तिथेच होते.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. आमचा तीन रकान्यांचा तक्ता नव्या बॅचच्या दोन मुलींकडे गेलाय, त्यातली एक मराठी शाळेतली. परवा भाची मोबाइलची जुनी पाटी घेऊन आली आणि भिंग माझ्या हातात देऊन म्हणाली, शोधा रेझिस्टर. खसखशीसारखे काळे ठिपके. त्यांच्या जरा मोठ्या भावंडांवर पांढऱ्या अक्षरांत १०३ असं छापलेलं. मी म्हटलं, १०३ ओहम. "खाला, रंग गेले, रीत तीच," ती म्हणाली. "एक, शून्य आणि पुढे तीन शून्यं." दहा हजार. एकावर नुसता ० होता. तो कशाला, असं विचारलं तर म्हणाली, तो काहीच अडवत नाही, पाटीवरच्या एका तारेला दुसरीच्या डोक्यावरून पलीकडे जायचं असतं, तिथे बसवतात.